व्यसनमुक्तीनंतरचे मन : विधायक मानसिक आरोग्याचे मूल्यमापन

दारूच्या व्यसनावरील उपचार पूर्ण करून घरी परतलेल्या दोन माणसांचे उदाहरण विचारात घ्यावे. ही माणसे कल्पित आहेत. पण व्यसनमुक्तीच्या कार्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना ती अपरिचित वाटणार नाहीत.

पहिला मनुष्य सूतगिरणीतील कामगार आहे. उपचारानंतर वर्षभरात त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. तो कामावर वेळेवर जातो आणि वेळेवर परततो. घरी आल्यावर मात्र तो कोणाशी बोलत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याला झोप लागत नाही. लग्नकार्य, जत्रा, भजन या सर्वांतून त्याने अंग काढून घेतले आहे. मुले आजही त्याच्यासमोर दबकून वावरतात. कोणी काही विचारले, तर ‘दारू सोडली ना? आता आणखी काय पाहिजे?’ एवढेच तो म्हणतो.

दुसरा मनुष्य अल्पभूधारक शेतकरी आहे. आठ महिने तो दारूपासून दूर राहिला. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या सोबत्यांच्या आग्रहाला बळी पडून प्याला. रात्र उलटताच तो पत्नीला बरोबर घेऊन आपण होऊन उपचार केंद्रात गेला आणि घडले ते सांगितले. त्यानंतर तो प्यालेला नाही. सोसायटीचे थकलेले कर्ज तो हप्त्याहप्त्याने फेडीत आहे. मुलीच्या शाळेतील पालकसभेला तो आवर्जून जातो. सायंकाळचा जो वेळ पूर्वी गुत्त्यावर जात असे, तो आता दोन म्हशींच्या धारा काढण्यात आणि दूध डेअरीवर पोचविण्यात जातो.

केंद्राच्या नोंदवहीत पहिल्याच्या नावापुढे ‘वर्षभर निर्व्यसनी’ अशी नोंद होईल आणि दुसऱ्याच्या नावापुढे ‘पुन्हा सेवन’ अशी. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. तरीही या दोघांपैकी अधिक निरोगी कोण आणि मदतीची अधिक निकड कोणाला, या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदींतून मिळत नाही. ते मिळवावयाचे असेल, तर व्यसन सुटले की नाही याबरोबरच माणूस जगू लागला की नाही, हेही पाहावे लागते. उपचारोत्तर मानसिक आरोग्याच्या मूल्यमापनाचा विषय येथूनच सुरू होतो.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी व्यक्ती, मद्यसेवन करीत होत्या. त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख व्यक्तींचे मद्यसेवन अपायकारक किंवा अवलंबित्वाच्या स्वरूपाचे असल्याने त्यांना मदतीची गरज होती. मात्र मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींमागे एकीलाच कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात वा केंद्रात दाखल होऊन उपचार घेतलेल्यांचे प्रमाण तर १८० मध्ये एक इतकेच होते.

या आकड्यांचा एक अर्थ उघड आहे. उपचार घेऊन गावी परतलेला प्रत्येक मनुष्य फार दुर्मीळ संधी मिळवून परतलेला असतो. ती संधी वाया जाऊ न देण्याची जबाबदारी केवळ त्याची वा त्याच्या कुटुंबाची नाही. ज्या गावात, ज्या शाळेच्या परिसरात, ज्या कार्यालयात तो परततो, तेथील लोकांचीही ती आहे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. पुण्यात येरवडा येथे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दच्या व्यसनाने तरुण मुले उद्ध्वस्त होत असल्याचे त्या काळात दिसून आले होते. व्यसनी मनुष्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता आजारी मनुष्य म्हणून पाहावे, ही दृष्टी अशा केंद्रांमुळे मराठी समाजात रुजली. त्यापुढची पायरी अशी, की उपचार झालेल्या मनुष्याकडे केवळ ‘आजार हटलेला’ म्हणून न पाहता, आरोग्य मिळवू पाहणारा म्हणून पाहावे.

आरोग्याची विधायक कल्पना

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ मध्ये स्वीकारण्यात आली व ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. केवळ रोगाचा वा दुर्बलतेचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती म्हणजे आरोग्य, अशी भूमिका तीत मांडलेली आहे. मनाच्या बाबतीत ही सुस्थिती ओळखावयाची कशी, हा प्रश्न मात्र त्यानंतरही शिल्लक राहिला.

त्या प्रश्नाला सुसूत्र उत्तर देण्याचा प्रयत्न व्हिएन्नात जन्मलेल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा यांनी केला. विधायक मानसिक आरोग्याच्या तत्कालीन कल्पनांचा परामर्श घेणारा त्यांचा ग्रंथ १९५८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी सहा निकष एकत्र मांडले : स्वतःविषयीची वृत्ती, वाढ व आत्मविकास, मनाची एकसंधता, स्वायत्तता, वास्तवाचे यथार्थ भान आणि परिस्थिती हाताळण्याची क्षमता. पुढे अनेक प्रश्नावल्या व मापनश्रेणी तयार झाल्या; पण सामान्य कार्यकर्त्याला विचाराची चौकट म्हणून हे सहा निकष आजही उपयोगी पडतात.

सहा निकष आणि व्यसनमुक्त मनुष्य

पहिला निकष स्वतःविषयीच्या वृत्तीचा. उपचारानंतर मनुष्य दोन टोकांपैकी एकाकडे झुकण्याचा संभव असतो. एका टोकाला ‘मी वाया गेलेला माणूस’ ही शरमेची भावना असते, तर दुसऱ्या टोकाला ‘माझे तसे काही बिघडले नव्हते’ हा नकार असतो. निरोगी वृत्ती या दोहोंच्या मध्ये असते. झालेले नुकसान नाव घेऊन सांगता येणे आणि तरीही स्वतःला माणूस म्हणून मोजता येणे, हे तिचे लक्षण होय. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या स्वमदत चळवळीच्या सभांत मनुष्य आपली ओळख व्यसनासह करून देतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

दुसरा निकष वाढीचा. व्यसन सुटल्यावर दिवसाचे तीन-चार तास एकाएकी रिकामे होतात. ते कशाने भरले, हे पाहणे महत्त्वाचे असते. याच याहोदा यांनी आपल्या सहकाऱ्यांसमवेत ऑस्ट्रियातील मारिएंथाल या गावी बेकारीचा अभ्यास केला होता. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील कापड कारखाना बंद पडल्यावर पुरुषांना दिवसभर मोकळा वेळ होता. पण दिवस कसा गेला हे त्यांना धड सांगता येत नव्हते. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्याही वाढण्याऐवजी घटली होती. रिकामा वेळ आपोआप विसावा होत नाही, हा त्या अभ्यासाचा धडा व्यसनमुक्त मनुष्यालाही लागू पडतो. नवे काम, जुना छंद, अर्धवट राहिलेले शिक्षण, बागेतील चार झाडे, यांपैकी काहीही चालेल. पण काही तरी उगवलेले दिसले पाहिजे.

तिसरा निकष एकसंधतेचा, म्हणजे ताण सोसूनही मन विस्कटू न देण्याचा. पगाराचा दिवस, आठवड्याचा बाजार, भावकीतील बांधाचे भांडण, लग्नाची वरात, शिमगा, निवडणुकीचे दिवस हे व्यसनमुक्त मनुष्याचे कसोटीचे प्रसंग असतात. ताणाइतकाच आनंदही धोक्याचा ठरू शकतो, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. पीक चांगले आले, मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला, अशा वेळी पिण्याची जुनी सवय उसळी घेते. राग आणि आनंद हे दोन्ही नशेविना अनुभवता येतात का, हा येथे खरा प्रश्न असतो.

चौथा निकष स्वायत्ततेचा. मनुष्य पीत नाही, तो कोणाच्या निर्णयामुळे? पत्नीने पैसे काढून घेतले, भावाने मोटारसायकलची किल्ली ठेवून घेतली, मालकाने ताकीद दिली, म्हणून तो थांबला असेल, तर त्या बंधनांचा आरंभी उपयोग असतो. परंतु सहा महिन्यांनंतरही सारा भार बाहेरच्या पहाऱ्यावरच असेल, तर पहारा उठताच काय होईल याची काळजी वाटली पाहिजे. ‘मला नको’ हे वाक्य तो चारचौघांत, चिडल्याशिवाय आणि लाजल्याशिवाय उच्चारू शकतो काय, हे स्वायत्ततेचे साधे माप आहे.

पाचवा निकष वास्तवाच्या भानाचा. ‘आता एवढे महिने झाले, एका घोटाने काय बिघडते?’ हा विचार मनात येणे अस्वाभाविक नाही. तो विचार ओळखता येणे आवश्यक आहे. आपल्यावर कर्ज किती, यकृताची अवस्था काय, पत्नीचा विश्वास अजून का बसत नाही, या गोष्टी मनुष्य जशा आहेत तशा पाहू लागला, की हे भान वाढू लागले असे समजावे. महिन्याभरात घराने सर्व विसरावे अशी अपेक्षा धरणारा मनुष्य अद्याप वास्तवापासून दूर असतो.

सहावा निकष परिस्थिती हाताळण्याचा. काम, झोप, जेवण, पतिपत्नींचे संबंध, मुलांशी बोलणे, शेजारधर्म या दैनंदिन गोष्टींत त्याचा हात कितपत बसला आहे? रेशनकार्डावरील नावाची दुरुस्ती, बँकेचे काम, डॉक्टरांकडील फेरी अशी साधी कामे तो स्वतः पार पाडतो का? व्यसनाच्या वर्षांत ही सर्व कामे बहुधा घरातील स्त्रीने उचललेली असतात. ती कामे पुन्हा वाटून घेतली जाणे हे आरोग्य परत येत असल्याचे चिन्ह होय.

आरंभी दिलेल्या दोन उदाहरणांना हे निकष लावून पाहिले, तर चित्र पालटते. सूतगिरणीतील कामगार दारूपासून दूर आहे. पण सहापैकी जवळजवळ प्रत्येक निकषावर तो अडलेला आहे. शेतकऱ्याची एकदा घसरण झाली, ही गोष्ट लहान नाही. तथापि घडलेले कबूल करण्यात वास्तवाचे भान आहे, केंद्रात आपण होऊन जाण्यात स्वायत्तता आहे आणि कर्जफेडीत परिस्थिती हाताळण्याची क्षमता आहे. कामगाराला ‘बरा झाला’ म्हणून पाठपुराव्यातून वगळले, तर ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज आहे तोच नजरेआड होईल.

मापनाची साधने

मूल्यमापनात दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. व्यसनाचे प्रमाण ही पहिली. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही चाचणी प्रसिद्ध केली. तिचे गुण ० ते ४० असतात आणि ८ किंवा त्याहून अधिक गुण धोक्याच्या मद्यसेवनाकडे बोट दाखवितात. या चाचणीत शून्य गुण मिळणे इष्टच आहे. परंतु त्यावरून मनाच्या सुस्थितीविषयी काही कळत नाही.

दुसरी गोष्ट सुस्थितीची. तिच्या मापनासाठी आपल्या देशातही प्रयत्न झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्ली येथील आग्नेय आशिया कार्यालयामार्फत रूप नागपाल व हेल्मुट सेल यांचे व्यक्तिनिष्ठ सुस्थितीवरील काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून सिद्ध झालेली ४० प्रश्नांची सूची १९९२ मध्ये आली. आयुष्याविषयीचे समाधान, आत्मविश्वास, कुटुंबाचा व इतरांचा आधार, मनाच्या तक्रारी अशा बाबी तीत येतात. ब्रिटनमधील वॉरिक व एडिंबरो विद्यापीठांनी तयार केलेल्या मापनश्रेणीत १४ विधाने असून ती सर्व होकारार्थी आहेत. तिचे गुण १४ ते ७० या दरम्यान येतात.

प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात सर्वांत सुटसुटीत ठरते ती जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ ची पाच विधानांची सूची. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत व निवांत वाटले का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजेतवाने वाटले का आणि रोजच्या जीवनात मन रमेल अशा गोष्टी होत्या का, या पाच बाबी तीत आहेत. प्रत्येक बाबीला ० ते ५ गुण देतात. बेरजेला ४ ने गुणले, की ० ते १०० मधील गुणांक मिळतो. बेरीज १३ पेक्षा कमी आली, तर खिन्नतेच्या आजाराची तपासणी करून घेणे योग्य समजले जाते. समजा, एखाद्याची बेरीज पहिल्या महिन्याच्या अखेरीस ९ आली, तर गुणांक ३६ होतो. सहाव्या महिन्यात ती १५ झाली, तर गुणांक ६० होतो. १० गुणांचा फरकही दखलपात्र मानला जातो. २४ गुणांची वाढ निश्चितच सुधारणा दर्शविते. मात्र अशी तुलना त्या मनुष्याची त्याच्याशीच करावयाची असते. शेजाऱ्याच्या गुणांशी ती करणे निरर्थक होय.

मापन केव्हा करावे

वेळेची निवड चुकली, तर उत्तम साधनही चुकीचे उत्तर देते. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याने ती थांबविली, की काही तासांतच हातांना कंप, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास तीव्र असतो. काहींना झटके येतात वा भ्रम होतो. म्हणून ही अवस्था वैद्यकीय देखरेखीखालीच पार पडली पाहिजे. त्यानंतरही मन खिन्न राहते; परंतु केवळ मद्यामुळे आलेली खिन्नता पुष्कळ जणांत तीन-चार आठवड्यांत ओसरू लागते. झोप विस्कळीत राहण्याचा त्रास तर कित्येक महिने टिकू शकतो.

यावरून दोन नियम निघतात. केंद्रातून घरी जाण्याच्या दिवशी घेतलेला गुणांक अंतिम समजू नये. त्या दिवशीची उदासी शरीराची असू शकते आणि त्या दिवशीचा उत्साहही घरी जाण्याचा असू शकतो. त्याचप्रमाणे चार आठवड्यांनंतरही खिन्नता टिकून असेल, तर ‘दारू सोडल्यामुळे होते’ असे म्हणून ती सोडून देऊ नये. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आत्महत्येचा विचार मात्र कोणत्याही दिवशी बोलून दाखविला गेला, तरी चार आठवडे थांबण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्या मनुष्याला एकटे न सोडता तत्काळ वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

पहिल्या महिन्याची अखेर, तिसरा, सहावा व बारावा महिना आणि त्यानंतर वर्षातून एकदा, असा क्रम सोयीचा पडतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेतही तीन महिन्यांनंतरची मुक्तता प्रारंभिक व बारा महिन्यांनंतरची स्थिर मानलेली आहे.

घसरण आणि सावरणे

ॲलन मार्लट व ज्युडिथ गॉर्डन यांच्या १९८५ च्या ग्रंथाने एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. एखादा घोट घेणे ही चूक होय. पूर्ववत व्यसनात जाणे ही त्यापुढची घटना होय. या दोहोंच्या मध्ये मनुष्याच्या मनात जे घडते, त्यावर पुढील वाट ठरते. ‘आता सगळेच संपले’ या भावनेने तो स्वतःला दोष देत बसला, तर एका घोटाची बाटली होण्यास वेळ लागत नाही. म्हणून घसरण झालेल्या मनुष्याचे मूल्यमापन करताना किती प्याला याबरोबरच, त्यानंतर पहिल्या चोवीस तासांत त्याने काय केले, हेही नोंदविले पाहिजे.

याचा अर्थ एखादे वेळी पिण्यास हरकत नाही, असा मुळीच नव्हे. अवलंबित्व जडलेल्या मनुष्यासाठी पूर्ण मद्यत्याग हाच सुरक्षित पाया आहे. येथे प्रश्न त्या पायावर उभ्या राहणाऱ्या घराचा आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी मद्यासक्त पुरुषांच्या दीर्घकालीन अभ्यासावरून १९८३ मध्ये असे दाखविले, की टिकाऊ मद्यमुक्तीच्या मागे चार गोष्टी वारंवार आढळतात : दारूची जागा घेणारी दुसरी गुंतवणूक, सेवनाच्या दुष्परिणामांची सतत जाणीव देणारी देखरेख, आधाराचे नवे नातेसंबंध आणि प्रेरणा देणाऱ्या समूहाचे सदस्यत्व. या चारही गोष्टी केंद्राच्या आवारात मिळत नाहीत. त्या गावात मिळाव्या लागतात.

प्रश्न विचारण्याची रीत

मापनश्रेणी भाषांतरित करून वापरताना शब्दांचा अर्थ पारखून घ्यावा लागतो. ‘उत्साह’, ‘निवांत’, ‘समाधान’ हे शब्द शहरी लिपिकाला जसे कळतात, तसेच ऊसतोड कामगाराला कळतील असे गृहीत धरता येत नाही. शिवाय ऊसतोडीच्या हंगामात अंग दुखून आलेल्या मनुष्याला ‘सकाळी ताजेतवाने वाटते का’ असे विचारले, तर त्याचे उत्तर मनाविषयीचे नसून श्रमाविषयीचे असू शकते. लिहिता-वाचता न येणाऱ्यास विधान वाचून दाखवावे, आवश्यक तर दोनदा वाचावे. पण उत्तर सुचवू नये.

उपचार घेतलेल्या मनुष्याला प्रश्न विचारणाऱ्याचे मन राखावेसे वाटते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘सगळे छान चालले आहे’ हे उत्तर पुष्कळदा कृतज्ञतेपोटी दिले जाते, कधी भीतीपोटी. म्हणून प्रश्नावली पत्नी, आई-वडील वा मालक यांच्या समोर भरून घेऊ नये. त्याच्या उत्तरांखेरीज कुटुंबीयांशी त्याच्या संमतीने झालेले बोलणे आणि त्याच्या दिनक्रमाचे प्रत्यक्ष निरीक्षण, अशा तिन्ही बाजूंनी आलेली माहिती जुळवून पाहावी. तिन्हींत विसंगती आढळली, तर त्याला खोटे ठरविण्याची घाई करू नये. विसंगती हीच पुढील संभाषणाची सुरुवात समजावी. स्त्रियांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. व्यसनाचा कलंक स्त्रीला अधिक जड जातो, त्यामुळे तिचे मौन हे सुस्थितीचे चिन्ह समजणे धोक्याचे ठरेल.

शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांचे कार्य

मापनश्रेणी वापरणे व तिचा अर्थ लावणे हे प्रशिक्षित समुपदेशकाचे वा वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम आहे. गावातील जबाबदार व्यक्तींचे काम वेगळे आहे आणि तेही कमी महत्त्वाचे नाही.

शिक्षकाला घरातील बदल मुलांच्या द्वारे लवकर जाणवतात. मुलाची हजेरी सुधारते, वही-पुस्तक जागेवर असते, पालकसभेस वडील येतात, या गोष्टी बोलक्या असतात. मात्र वडील प्यायले की नाही हे मुलाला विचारून त्याला हेर बनवू नये. मुलाच्या वाट्याला आलेले ओझे कमी करणे हे शिक्षकाचे काम आहे. त्यात भर घालणे नव्हे.

ग्रामपंचायत सदस्यांनी जाहीर सत्काराच्या मोहापासून सावध राहावे. उपचारानंतर दुसऱ्याच महिन्यात व्यासपीठावर बोलावून हार घातला, की मनुष्याच्या शिरावर साऱ्या गावाची अपेक्षा बसते. आणि उद्या घसरण झाली, तर मदत मागण्यास त्याचे पाऊल उचलत नाही. त्याऐवजी भजनी मंडळ, पाणीवाटप समिती, तालीम, ग्रंथालय यांपैकी एखाद्या ठिकाणी त्याला साधे, नियमित काम मिळवून द्यावे. लग्नाच्या वा जत्रेच्या प्रसंगी त्याला आग्रह होणार नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधते.

कार्यालयप्रमुखाने उपचारासाठी घेतलेल्या रजेची वाच्यता सहकाऱ्यांत होऊ देऊ नये. कामावर परतलेल्या मनुष्यास पहिल्या काही आठवड्यांत रात्रपाळी टाळता आली, तर झोप सावरण्यास मदत होते. त्याच्याकडून अपेक्षित काम स्पष्टपणे सांगावे. दया आणि संशय ही दोन्ही टाळावी.

गोपनीयता हा येथे सौजन्याचा नव्हे, तर कायद्याचा विषय आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश आहे आणि उपचारासंबंधीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. ज्या वहीत गुणांक लिहिले जातात, ती वही चावडीत वा शाळेच्या टेबलावर पडून राहता कामा नये. मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’ या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मात्र प्रत्येक शाळेत व ग्रामपंचायतीच्या फलकावर अवश्य लिहिलेला असावा.

नोंदवहीतील नवे रकाने

व्यसनमुक्तीच्या पाठपुराव्याच्या नोंदवहीत ‘सेवन केले / केले नाही’ हा रकाना राहिलाच पाहिजे. त्याशेजारी आणखी पाच रकाने आखता येतील : झोप कशी आहे, काम कसे चालले आहे, घरात बोलणे होते का, रिकामा वेळ कशात जातो आणि अडचण आली तर तो कोणाकडे जातो. या पाच प्रश्नांना खर्च येत नाही, यंत्र लागत नाही आणि एका भेटीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळही लागत नाही. शास्त्रशुद्ध मापनश्रेणीची जागा हे रकाने घेऊ शकणार नाहीत. परंतु कोणाला तज्ज्ञाकडे तातडीने पाठविले पाहिजे, हे त्यांवरून समजू शकेल.

सूतगिरणीतील त्या कामगाराच्या नावापुढे हे पाच रकाने भरावयाचे झाले, तर झोप नाही, बोलणे नाही, रिकामा वेळ भिंतीकडे पाहण्यात जातो आणि अडचणीच्या वेळी जाण्यासारखे कोणी नाही, असे लिहावे लागेल. ‘वर्षभर निर्व्यसनी’ या दोन शब्दांखाली हे सर्व झाकले गेले होते. ‘आता आणखी काय पाहिजे?’ हा त्याचा प्रश्न त्याच्या आजूबाजूच्या लोकांनी खरोखरीचा प्रश्न म्हणून ऐकला आणि त्याला उत्तर द्यावयाचे ठरविले, तर मूल्यमापनाचा हेतू सफल झाला, असे म्हणता येईल.